मन्सूर, ते उखळ मी झाडलं नव्हतं

मन्सूर,

तुझी कबर खोदताना खाली काळा पाषाण लागला. वर हातभर माती, मग मुरूम, आणि मग पहार टणकन उलटी यायला लागली. खोदणारे थांबले. एकजण कपाळ पुसत म्हणाला, "मन्सूरभाई असते तर म्हनले असते, दोन हात पलीकडं घ्या." सगळे हसले. शेवटी दोन हात पलीकडेच घेतली. तिथे मुरूम खोलवर निघाला. मी तीन मुठी माती टाकली. तिसरी मूठ हातातून सुटेना. शेजारच्याने माझं मनगट धरून हलवलं. म्हातारा दमला असं त्याला वाटलं असेल.

दमलो नव्हतो. तुला एक गोष्ट सांगायची चाळीसहून जास्त वर्षं राहिली होती, आणि आता ती मातीआड चालली होती.

आपल्या बीडच्या जमिनीत सोनं नाही, हे आपण दोघं गावात सगळ्यात चांगलं जाणत होतो. इथला खडक लाव्ह्याचा, थरावर थर, काळाकुट्ट. त्याच्या फटीत पाणी सापडलं तरी नशीब. सोन्यासाठी आपण खाली गेलतो, कृष्णेपलीकडे, रायचूरच्या अंगाला. आपल्या वाडवडिलांच्या वेळी बीड आणि रायचूर दोन्ही निजामाचीच, म्हणून तिकडे कामाला जाणं परक्या मुलखात जाणं वाटायचं नाही. तुझ्या घरची दखनी बोली तिथे बाजारात चालायची. मला कानडीचं एक अक्षर येत नव्हतं, मी तुझ्या मागे मागे हिंडायचो. मोठी खाण लांब होती. आपली ती छोटी खाण. एक विहिरीसारखा उभा खड्डा, त्याच्यावर लोखंडी सांगाडा, आत तीन मजल्यांवर आडवे बोगदे, आणि पत्र्याची एक खोली, जिथे मी नमुने कुटायचो.

पहिल्या दिवशी तू मला खाली नेलंस ते आठवतं? मी डोक्यावरचा दगड बघून चळाचळा कापत होतो. तू पहार घेऊन छताला टकटक केलंस आणि म्हणालास, "आईक. खणखण वाजला की घट्ट हाय. ढप्प वाजला की पळ." मग मला पहार दिलीस. मी ठोकलं, खणखण वाजलं. तू म्हणालास, "बघ, तुला वळखतोय." त्या दिवसापासून मी घाबरलो नाही असं नाही, पण कशाला घाबरायचं ते कळलं.

तिथला खडक मला तू शिकवलास. हिरवट काळा, पापुद्र्यांचा, वहीची पानं उभी करून ठेवावीत तसा कडेवर उभा. त्याच्या पानांमधून गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, शीर गेलेली. कुठे बोटभर, कुठे हातभर, मध्येच फुगायची, मध्येच मरायची. पांढरीशुभ्र गार दिसायला देखणी, पण पोकळ. सोनं असायचं ते निळसर, धुरकट गारेत, तेही डोळ्यांना क्वचितच दिसायचं. आणि जिथे खडकात ती चांदीसारखी चमकणारी टिकली असायची, तिथे हातोडा मारला की लसणाचा वास यायचा. त्यात विष असतं म्हणून साहेब बजावायचे. तू मात्र तिला चटणीचा खडक म्हणायचास. "दिग्या, भाकर काढ बे, चटणी वाटली."

रमजानात तू रोजा धरून आठ तास खाली राबायचास. मी लाजेने तुझ्यासमोर डबा उघडत नसे. तू एकदा डबा माझ्या हातातून घेतलास, उघडलास आणि परत दिलास. "खा बे गुमान. माझा रोजा तुझ्या तोंडानं मोडत न्हाई."

आपल्याही आधी तिथे कुणीतरी खणलं होतं. किती जुनं, कुणालाच ठाऊक नव्हतं. टेकडीच्या उघड्या खडकावर वाटीएवढे गुळगुळीत खळगे होते, शेकड्याने. त्या लोकांनी त्यात गार कुटून धुतली होती. तू एका खळग्यात मूठ घालून म्हणालास, "ह्ये पण तुझंच काम करायचे की." खरंच, माझंच काम. फक्त माझं उखळ लोखंडाचं होतं.

मग तिसऱ्या मजल्यावर शीर हरवली. चांगली निळी शीर चालली होती आणि मध्ये काळ्या दगडाची भिंत आडवी आली. पुढे शीर नाही. तू त्या भिंतीवर हात ठेवून हसलास. "आपल्या गावचा दगड, लेका. हितं बी आडवा आला." दगड दिसायला हुबेहूब इथल्यासारखाच होता. अशा ठिकाणी भिंतीपलीकडे शीर सरकलेली असते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कोणत्या बाजूला? तू म्हणालास डावीकडे. मी म्हणालो उजवीकडे. मी थोडीफार पुस्तकं चाळली होती, तू पहारीने ठोकून बोलत होतास. हा वाद आपण जेवताना घातला, आंघोळीला जाताना घातला, आणि इथे गावात परत आल्यावर, खाण पाण्याने भरून गेल्यावरही घातला. गेल्या दिवाळीत तू खाटेवर बसून, दम्याने श्वास पुरत नसताना, डावा हात वर करून दाखवलास. मी उजवा दाखवला. तुझी लेक अफरोज म्हणाली, "हे काय चाललंय तुमचं दोघांचं?" आपण हसलो.

मला त्या हसण्याची लाज वाटते, मन्सूर. कारण त्या वादात मी खोटा जिंकलो होतो आणि ते मला माहीत होतं.

आता सांगतो. तू नमुने तोडायचास, कापडी पिशवीत भरायचास, चिठ्ठीवर सही करायचास. मी ते उखळात कुटून बारीक करायचो आणि पूड तपासायला मोठ्या खाणीकडे जायची. सोनं दगडासारखं फुटत नाही, मऊ असतं, लोखंडाला चोपडलं जातं. म्हणून पक्का नियम होता. एखादा श्रीमंत नमुना कुटून झाला की दाराजवळच्या ढिगातली पोकळ पांढरी गार दोन मुठी घ्यायची, उखळात कुटायची, फेकून द्यायची, मग ब्रशने झाडायचं, आणि मगच पुढचा नमुना. वहीत तशी खूण करायची.

त्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावरचा एक तुकडा कुटला. त्यात सोनं डोळ्यांना दिसत होतं. त्याच्या मागे तुझ्या तीन पिशव्या होत्या, तिसऱ्या मजल्यावरच्या, काळ्या भिंतीपलीकडच्या उजव्या अंगाच्या. बाहेर बाजारला जाणारी जीप हॉर्न वाजवत होती. मला एक चप्पलजोड घ्यायचा होता. एवढंच कारण. मी गार कुटली नाही, ब्रश फिरवला नाही. तुझ्या तीनही पिशव्या तशाच एकामागोमाग कुटल्या, वहीत खुणा केल्या आणि धावत जाऊन जीपला लटकलो.

आकडे आले. पहिल्या पिशवीत भरपूर, दुसरीत त्याहून कमी, तिसरीत नावाला. साहेब तरुण होते, खाण बंद पडायची टांगती तलवार त्यांच्याही डोक्यावर होती. त्यांनी नकाशावर रेघ ओढली. शीर उजवीकडे आहे आणि अशी निमुळती होत गेलीय, म्हणाले. ती शीर नव्हती. माझं उखळ हळूहळू साफ होत होतं. मला ते तेव्हाच कळलं. पण सगळ्यांना ते खरं हवं होतं, मलाही. शिवाय उजवी बाजू माझी होती.

तू एकटाच खूश नव्हतास. "तिथं गार पांढरीच होती बे. म्या डोळ्यानं बघितली. सोनं आलं कुठनं?" मी म्हणालो, "डोळ्याला दिसत नसतं कधीकधी." तुझंच वाक्य मी तुला परत ऐकवलं.

कित्येक महिने उजवीकडे बोगदा मारला. मेलेला दगड निघत राहिला. मग मोठे साहेब आले, त्याच जागचे नवे नमुने त्यांनी स्वतः घेतले. त्यात काहीच निघालं नाही. म्हणजे पिशवीत कुणीतरी सोन्याची पूड टाकली असणार, आणि पिशवीवर सही तुझी. खाण चालू राहावी असं मजुरांना वाटतंच. झालं. तू तिथे उभा राहून म्हणालास, "साहेब, मला टाकायचंच असतं तर डाव्या अंगाच्या पिशवीत टाकलं असतं. ह्या दिग्याच्या अंगाला कावून टाकीन?" कोणी हसलं नाही. मग साहेबांनी मला विचारलं, "उखळ साफ केलं होतं?"

मी म्हणालो, "हो साहेब."

एवढेच दोन शब्द. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस, जणू मी तुझ्या बाजूची साक्ष दिली. तुला वाटलं मी माझं काम नीट केल्याचं सांगतोय आणि ते खरंच आहे. तू माझ्यावर संशय घेतला नाहीस. पुढे कधी घेतलास का? माहीत नाही. तुझ्या डोळ्यांत मी फार वर्षं ते शोधलं.

तुला काढून टाकलं. वर्षाच्या आत खाण बंद झाली. डावीकडे कुणी एक फूटही गेलं नाही. मला दुसरीकडे काम मिळालं, चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासकट. मी निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा तू विहिरींचा माणूस झालेला होतास. सुरुंग लावणारा, दगड वाजवून पाणी सांगणारा. केजच्या बाजूची कितीतरी रानं तुझ्या पहारीने वाजवलेली. पण ती गोष्ट तुझ्याआधी गावात पोचली होती. खाणीवरून आलेल्या कुणीतरी सांगितली, आणि माणसं अशी गोष्ट विसरत नाहीत.

नव्या विहिरीची जागा ठरवायला ओढ्याजवळ सगळे जमले तो दिवस मी कितीतरी वेळा पुन्हा जगलो आहे. तू जागा दाखवलीस, वरच्या अंगाला, जिथे कोणाचा विश्वास बसेना. आबासाहेब म्हणजे गावाचा शब्द. ते मिशीत हसत म्हणाले, "मन्सूरभाई, तुमी पिशवीतनं सोनं काढता म्हनं. मग पाणी बी पिशवीतलंच का?" माणसं खदखदून हसली. तू म्हणालास, "पाणी पिशवीत मावत न्हाई, आबा." आणि पहार खांद्यावर घेऊन निघालास. मी तिथेच होतो. तुझ्यापासून चार पावलांवर. मला फक्त तोंड उघडायचं होतं. पहिल्यांदा मी घाबरून खोटं बोललो होतो, नोकरीपायी. त्या दिवशी माझं काही जाणार नव्हतं. तरी मी चपलेकडे बघत उभा राहिलो. पहिल्या खोट्यापेक्षा ते गप्प राहणं मला जास्त जड गेलं आहे. विहीर त्यांनी खाली खणली, कोरडी गेली. पुढे वरच्या अंगाला एकाने खणली, तिला पाणी लागलं. तेव्हाही तुझं नाव कोणी काढलं नाही.

एकदा मी सांगायला गेलो होतो. तुला छातीच्या तपासणीला बीडला नेलं होतं, परतीच्या एसटीत आपण शेजारी बसलो होतो. डॉक्टर म्हणाले होते, दगडाची धूळ आत बसलीय, निघणार नाही. मी तुझ्या कानाशी म्हणालो, "मन्सूर, ते उखळ..." सुरुंगांनी तुझे कान कधीच गेले होते. तू ओरडलास, "क्काय?" अख्खी गाडी वळून बघायला लागली. मी म्हणालो, "काही न्हाई, केज आलं." केज यायला अजून अर्धा तास होता. तू खिडकीबाहेर बघून म्हणालास, "येडा झालास का बे," आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलास. सगळा रस्ता मी हललो नाही.

तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या प्रार्थनेला, तुझ्या घरी गेलो. लोक पांगल्यावर भाभी आणि अफरोज दोघीच राहिल्या. भाभींनी चहा पुढे केला. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, जीप, चप्पल, वहीतली खूण, "हो साहेब" हे सुद्धा. भाभींनी चहाची किटली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "भाईसाब, ईदीला तुमचं ताट त्यांनी कधी चुकू दिलं न्हाई. दर ईदीला." आणि उठून आत गेल्या.

अफरोज तुझ्यासारखीच आहे, सरळ बोलते. "काका, अब्बांना सांगितलंवतं का?"

"न्हाई."

"मग मला सांगून काय व्हतंय? मी कधी शक घेतलाच न्हाई. ज्यांनी घेतला त्यांना सांगा. घरात नका सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेलो. आबासाहेब आता काठी टेकतात, पण बसायची जागा तीच. पाचसहा जण होते. मी उभा राहूनच सांगितलं. मी खाणीची भाषा बोलत होतो, नमुना, शीर, तिसरा मजला. आबा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "गुरुजीसारखं बोलू नगंस, दिगंबर. कसलं उखळ? कशात काय आलं?"

मी पुन्हा सांगितलं. एकजण म्हणाला, "सोडा हो, मेला बिचारा, आता काय त्याचं." मला वाटलं, संपलं, इतक्या वर्षांनी तोंड उघडलं आणि कुणाला कळलंच नाही.

गयाबाई पाराच्या कडेला थांबली होती. गव्हाचा डबा डोक्यावर, चक्कीला निघालेली. तू तिच्या रानातली विहीर खणली होतीस. ती म्हणाली, "आवं, समजंना का तुमाला? चक्कीवाल्यानं मागच्याची बाजरी दळली, चक्की न झाडता माझा गहू टाकला. माझ्या पिठात बाजरी निघाली. आसंच न्हवं, दिगूदादा?"

"आसंच," मी म्हणालो. "चक्कीवाला मी."

तिने डबा खाली उतरवला. आबांकडे वळली. "मग गव्हावाल्याला चोर कावून म्हनलात इतकी वर्षं?"

मग ती माझ्याकडेही वळली. नुसती बघत राहिली. ते मी तुला सांगू शकत नाही कसं होतं. मग डबा उचलून ती चक्कीकडे गेली.

आबा काठीवर हात ठेवून बसून होते. ते तुझ्या मातीला आले नव्हते, गुडघे दुखतात म्हणून. आता ते काठी टेकून उठले. कुणीतरी म्हणालं, "कुठं, आबा?"

"मन्सूरच्या घरी. बसायला जायचं राह्यलंय."

दोन पावलं चालून थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "दिगंबर, तू बी चल. मला एकट्याला काय बोलावं कळायचं न्हाई."

आम्ही गेलो. म्हातारे दोघे, हळूहळू, सगळ्या गल्लीसमोरून. दारात अफरोज होती, तिने बाजूला होऊन वाट दिली. आबा ओट्यावर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आजवर आबांना मी उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. ते भाभींना म्हणाले, "भाभी, मन्सूरभाईचा शब्द खरा व्हता. आमी खोटा धरला. माझ्याच तोंडातनं ते गावभर गेलं."

भाभी आत जाऊन पाण्याचे दोन तांबे घेऊन आल्या. एक आबांना दिला. दुसरा हातात घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. द्यावा की परत न्यावा, हे त्या ठरवत होत्या, ते मला दिसत होतं. मी मान वर केली नाही. हातही पुढे केला नाही.

मग त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.